पान दोनशे बारा, ओळ नऊ

१२ जानेवारी

धाकटे,

उच्चारांची यादी मिळाली. सदतीस नावं, त्यातली एकोणीस मरणाऱ्यांची. ‘झोमार’मधला झ झाडातला की झेंड्यातला, असं मी विचारलं होतं, तू ‘झाडातला’ लिहिलंस. ‘चारूक’मधला च चमच्यातला की चहातला, तर ‘चमच्यातला’. चार वर्षांत आपल्या दोघींमध्ये झालेलं बोलणं ते एवढंच, आणि तेही स्टुडिओतल्या निर्मातीबाईंच्या मेलमधून. तुझं अक्षरसुद्धा मी विसरत चाललेय. म्हणून हे पत्र हाताने लिहून तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकतेय, निदान माझं तरी तू विसरू नयेस.

परवा शेजारी नव्या राहायला आलेल्या बाईंनी विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं, ते मारामारीचे अंतराळपट येतात ना, त्यांच्या कादंबऱ्या निघतात. त्या मी मोठ्याने वाचते आणि लोक गाडी चालवताना ऐकतात. लिहितं कोण, तर माझी धाकटी बहीण. त्या म्हणाल्या, वा, म्हणजे घरच्या घरीच सगळं. मी हो म्हटलं. दारात उभं राहून माणूस किती सांगणार.

‘कक्षा नऊ’चा हा पाचवा भाग. पहिला आला तेव्हा आई होती. आवाजांची वही घेऊन मी स्वयंपाकघरात बसले होते, आठवतं का? प्रत्येक पात्रापुढे कुणाचा आवाज घ्यायचा ते लिहून ठेवायचं, म्हणजे पुढचा भाग कितीही दिवसांनी आला तरी तोच आवाज काढता येतो. ती वही अजून तीच आहे. सेनापती झोमार : गणिताचे सर, सर्दी झालेले. यंत्रमानव : बँकेतून फोन करणारी बाई. म्हातारी वैमानिक : आई. कप्तान, तीही बाईच : कुणी नाही, माझाच, साधा. तू ओट्यावर बसून हसत होतीस आणि आई म्हणाली होती, “मला विमान चालवायला लावलंत, निदान चष्मा तरी द्या.” ते वाक्य तू दुसऱ्या भागात जसंच्या तसं घातलंस.

तर पाचव्यात म्हातारी मरते. रेकॉर्डिंगच्या आधी आख्खं पुस्तक वाचायचं असतं, तसं वाचलं. बाविसावं प्रकरण चांगलं लिहिलंयस. त्यावर याहून जास्त मला काही म्हणायचं नाही.

म्हणायचं आहे ते वेगळंच. मला तू बोलायला हवी आहेस. चार वर्षं पुष्कळ झाली. तू शेवटचं काय म्हणालीस ते मला पाठ आहे : “आईच्या घशात नळी होती, आणि तू तिच्या तोंडी वाक्य घातलंस.” ताई म्हणायचंही तू त्याच दिवशी सोडलंस. मी तेव्हा सांगितलं होतं तेच आत्ता सांगते. माणूस डोळ्यांनीही बोलतं. अकरा दिवस मी तिच्याजवळ होते. तिला काय म्हणायचंय ते मला कळत होतं.

सोमवारी सुरुवात. घसा ठीक आहे.

ताई


४ फेब्रुवारी

धाकटे,

पुस्तक रेकॉर्ड करून झालं. नऊ दिवस लागले.

तुझ्या स्फोटांबद्दल एकदा बोलायचंच होतं. सिनेमात स्फोटाला दोन सेकंद लागतात. तू त्याला दीड पान देतेस. दीड पान म्हणजे मला चार मिनिटं धुरातून धावायचं, आणि तेही स्टुलावर जराही न हलता, कारण स्टूल वाजतं. खोली कपाटाएवढी. पंखा बंद, घड्याळ बाहेर, बांगडी बाहेर. पोट वाजू नये म्हणून अकरा वाजता अर्धं केळं. इतकं करून सेनापती झोमार आकाशगंगेला धमकी देत असताना माझ्या पोटाने मध्येच तोंड घातलं. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने हात वर केला आणि म्हणाला, “मॅडम, सेनापतींना भूक लागलीय.” आम्ही दोघं पाच मिनिटं काम करू शकलो नाही. तुला आवडला असता तो. वीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस, स्वतःच्या बायकोशीही हातवारे करून बोलतो.

बाविसावं प्रकरण सहाव्या दिवशी आलं. तूच लिहिलंयस तरी सांगते, कारण मी ते कसं वाचलं हे तुला कळायला हवं. यानाच्या मागच्या भागाला आग लागलेली. म्हातारी त्या भागात अडकलेली, इंजिन चालू ठेवून बसलीय. कप्तान दाराच्या अलीकडे. कप्तानाच्या शेजारी मेकॅनिक, हात दाराच्या खटक्यावर. दिवे गेलेले. म्हातारीचा आवाज भिंतीतल्या स्पीकरमधून येतोय. मदतीचं यान वीस मिनिटांवर. दार लावलं तर बाकीचे वाचतील, म्हातारी जाईल. मदत येईपर्यंत दार उघडं ठेवलं तर कदाचित सगळे वाचतील, कदाचित कुणीच नाही. कप्तान थांबत नाही.

अंधार आहे म्हणून तू संवादांना नावं लावली नाहीस. चौदा ओळी, कोण बोलतंय ते फक्त वाचणाऱ्याने ओळखायचं. तीन आवाज, एका दमात. मी कुठे अडले नाही, मागे गेले नाही. संपलं तेव्हा रेकॉर्डिस्ट चष्मा पुसत होता. म्हणाला, पुन्हा घ्यायची गरज नाही.

एवढंच. तू कधी ऐकतेस का हे मला माहीत नाही. निर्मातीबाई म्हणतात, लेखिका स्वतःची पुस्तकं कधीच ऐकत नाहीत.

ताई


२० फेब्रुवारी

धाकटे,

चुकांची यादी आली.

तुला ही पद्धत माहीत नसेल. आमच्याकडे एक बाई आहेत, निवृत्त शिक्षिका. पुस्तक समोर ठेवून सगळं रेकॉर्डिंग ऐकतात आणि शब्दाला शब्द लावून बघतात. आम्ही त्यांना लाल पेन म्हणतो, अर्थात त्यांच्या मागे. अकरा तासांच्या पुस्तकात माझ्या चारच्या वर चुका निघत नाहीत. बाकीच्यांच्या तीस-चाळीस निघतात. हे मी सगळ्यांना सांगत असते, तुलाही सांगून झालंय.

या वेळी तीन. एका ठिकाणी ‘डावा’ऐवजी ‘उजवा’. एका ठिकाणी पानासारखी सळसळ, आता पानं नसतात, ती माझ्या बाहीची. आणि तिसरी अशी लिहिलेली : “पान दोनशे बारा, ओळ नऊ. वाक्य कप्तानाचं आहे. म्हातारीच्या आवाजात वाचलं आहे.”

मी लगेच फोन लावला. म्हटलं, बाई, तिथे नावंच नाहीत, मग तुम्ही कशावरून म्हणता? लेखिकेने अंधारात सोडून दिलंय सगळं. त्या शांतपणे म्हणाल्या, “पुढची ओळ वाचा.” पुढची ओळ मला पाठ होती. ‘हे आपणच म्हटलं, यावर कप्तानाचा नंतर कितीतरी दिवस विश्वास बसला नाही.’ म्हणाल्या, “छापलेलं वाचणाऱ्याला ते इथे कळतं. ऐकणाऱ्याला आवाजावरूनच कळणार. तुमच्याकडे म्हातारी स्वतःच दार लावायला सांगतेय, आणि धक्का मात्र कप्तानाला बसतोय.” मी फोन ठेवला.

मग मी जाऊन ऐकलं. सातवी ओळ मेकॅनिकची : “मदत वीस मिनिटांवर आहे.” आठवी म्हातारीची : “इथे धूर फार झालाय गं.” आणि नववी, त्याच आवाजात, त्याच ‘गं’च्या उताराने, आईच्या आवाजात : “पुरे आता. लाव दार.”

अशा चुका होतात. एक आवाज लागला की तो पुढच्या वाक्यातही शिरतो, डोळे पुढे गेलेले असतात, तोंड मागे असतं. या धंद्यात सगळ्यांच्या होतात. त्यात काही शोधत बसू नये.

पण ‘पुरे आता’ हे शब्द तू कुठून आणलेस ते मला कळलंय. उगाच वेड घेऊन पेडगावला जात नाही मी. त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये मी तुला जे सांगितलं, तेच दोन शब्द. आई म्हणाली, पुरे आता. ते तू उचललेस आणि कप्तानाच्या तोंडी दिलेस. म्हणजे कुणी म्हटलं होतं ते कळावं म्हणून. बरोबर ना?

निर्मातीबाईंनी तो तुकडा तुझ्याकडे पाठवलाय, काय करायचं म्हणून. मी नको म्हटलं होतं.

ताई


२८ फेब्रुवारी

धाकटे,

परवा सिनेमा बघून आले. दुपारचा खेळ, आख्ख्या थिएटरात अकरा माणसं, त्यातली दोन झोपलेली. बाविसाव्या प्रकरणाची जागा आली आणि मी खुर्चीचा दांडा धरून बसले. तर सिनेमात दार आपोआप पडतं. धक्क्याने. कुणी सांगत नाही, कुणी खटका ओढत नाही. कप्तान मुठींनी दारावर बडवते, रडते, संगीत वाढतं. बास.

मी तिथून चालत घरी आले, दोन बसथांबे. डोक्यात एकच : सगळ्या जगाने कप्तानाला सोडलं आणि माझ्या सख्ख्या बहिणीने मुद्दाम तिच्या हातून दार लावून घेतलं, आणि वर ते मलाच वाचायला लावलं. घरी येऊन तुला एक पत्र लिहिलं. ते फाडलं. त्यात काय होतं ते सांगत नाही, आईला आवडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी निर्मातीबाईंना विचारलं, एवढा फरक कसा? त्या हसल्या. म्हणाल्या, नेहमीचंच आहे. लेखिकेला पटकथा मिळते सिनेमा पुरा व्हायच्या वर्षभर आधी, आणि सहा आठवडे हातात. तिला जी पटकथा दिली होती तिच्यात कप्तानच दार लावायला सांगते. नंतर कुणाला तरी वाटलं, लोकांना कप्तान आवडणार नाही, म्हणून बदललं. तोवर पुस्तक छापायला गेलेलं. त्यांनी जुनी पटकथा काढून दाखवली. एकच ओळ : ‘कप्तान दार लावायला सांगते.’

म्हणजे दार तू लावलं नाहीस. चुकलं माझं, ते फाडलेलं पत्र आता आणखी बारीक फाडते. शब्द मात्र तुझेच.

मग त्यांनी तुझं उत्तर दाखवलं. “वाचलंय तसं राहू द्या. पुढची ओळ काढून टाका.”

मी ते तीनदा वाचलं. निर्मातीबाई म्हणाल्या, “सुटलात की, आता परत यायला नको.” मीही म्हटलं, सुटले. बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. तू मला सोडलंस की टाकून दिलंस हे काही केल्या मला कळेना. की तुलाही ते आईच्या आवाजात ऐकून बरं वाटलं? तसं असेल तर आईचा आवाज बाकीच्या पुस्तकातही आहे गं, पहिल्या प्रकरणापासून. चष्माही मागते एकदा.

ताई


६ मार्च

धाकटे,

काल स्टुडिओत गेले. निर्मातीबाईंना म्हटलं, लेखिका काहीही म्हणो, मी दुरुस्ती करणार आहे आणि पुढची ओळ जागेवर राहणार आहे. त्या म्हणाल्या, अहो, लेखिकेचीच परवानगी आहे, कशाला जिवाला त्रास? म्हटलं, चार शब्द आहेत, दहा मिनिटांत होतील.

दीड तास लागला.

दुरुस्ती अशी करतात : रेकॉर्डिस्ट कानात आधीची ओळ ऐकवतो, आणि ती संपताक्षणी आपण आपली जोडायची, म्हणजे सांधा दिसत नाही. त्याने आठवी ओळ लावली. कानात आई म्हणाली, “इथे धूर फार झालाय गं.” आणि मी म्हटलं, पुन्हा आईच्याच आवाजात. दुसऱ्या वेळी आवाज माझा, पण वरच्या पट्टीत, सिनेमातल्या कप्तानासारखा. तिसऱ्या वेळी रडका. चौथ्या वेळी बँकेतून फोन करणारी बाई. रेकॉर्डिस्टने काचेतून बघितलं आणि आत येऊन पाण्याचा ग्लास ठेवून गेला. पाचवी, सहावी घेतली कशाला ते मलाही माहीत नाही.

सातव्या वेळी मी त्याला म्हटलं, आधीची ओळ लावू नकोस. आईला ऐकत ते वाक्य मला म्हणता येत नव्हतं. हेडफोन काढून ठेवले आणि म्हटलं, “पुरे आता. लाव दार.” जसं मी दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगते तसं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, झालं.

मग तो म्हणाला, अर्धा मिनिट गप्प बसा. हे प्रत्येक वेळी करावं लागतं. खोलीची शांतता रेकॉर्ड करतात, आणि मग कापलेल्या जागी ती भरतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे. हलायचं नाही, श्वासही बेताने. त्या अर्ध्या मिनिटात जे आठवलं ते आता लिहिते. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. खरं म्हणजे चार वर्षांपूर्वी, तोंडाने.

तू सकाळी फोनवर म्हणालीस, “मी निघालेय, पाचपर्यंत पोचते. थांब.” मी म्हटलं, “थांबते.” एक वाजता डॉक्टर आले. म्हणाले, आता यंत्रच सगळं करतंय, आज काढलं काय आणि चार दिवसांनी काढलं काय. मग त्यांनी विचारलं, “कुणाची वाट बघायची आहे का?” अगदी असंच, फाईल मिटत.

मी म्हटलं, “नाही.”

सव्वा वाजता यंत्र काढायला सही केली, आणि तू यायच्या आत आई गेली. हे तुला कुणीच सांगितलं नसेल, कारण तिथे डॉक्टर आणि मी दोघंच होतो. नळीचं तुला महिन्याभराने तिथल्या एका नर्सकडून कळलं. हे ‘नाही’ तुला कळायचा काही मार्गच नव्हता. मी ते तसंच माझ्याबरोबर नेलं असतं.

आईने डोळ्यांनी काही सांगितलं नव्हतं. तिचे डोळे पाच दिवसांपासून मिटलेलेच होते. मी थकले होते. बाकी कारणं आहेत, सगळी खरी आहेत, आईचे हाल, डॉक्टरांचं म्हणणं, पण ती नंतर सुचली. त्या वेळी एवढंच होतं की मला त्या खुर्चीतून उठायचं होतं. आणि आणखी एक. तू येशील, रडशील, आणि मग आईबरोबर तुलाही मलाच सांभाळावं लागेल, असं वाटलं. ते मला झेपलं नसतं. तू काही अशी नव्हतीस, पण मला तसं वाटलं.

पाचला दहा कमी असताना तू जिना चढून आलीस, हातात पिशवी. तुझा चेहरा बघून माझी पाचावर धारण बसली. आणि मी तुला सांगितलं, आईच म्हणाली, पुरे आता. नुसतं सांगितलं नाही. तिच्या आवाजात म्हणून दाखवलं. तुला आठवत असेलच. जे काम म्हणून करते तेच केलं, आणि इतकं चांगलं केलं की तू लगेच विश्वास ठेवलास आणि माझ्या गळ्यात पडलीस. महिनाभर तू मला म्हणत होतीस, ताई, बरं झालं तू होतीस. तो महिना मला अजून सगळ्यात जड जातो.

अर्धा मिनिट संपला तसा रेकॉर्डिस्टने अंगठा दाखवला. मी बसूनच राहिले. त्याने दार उघडून विचारलं, “मॅडम, पुढचं काम आहे का आज?” म्हटलं, नाही. तरी त्याने मला उठवलं नाही.

पुस्तक एप्रिलच्या सुरुवातीला येईल. बाकी ऐकलं नाहीस तरी चालेल, स्फोट सगळे तुझेच आहेत. पण सातवा तास, एकतिसावं मिनिट, तेवढं ऐक. तो आवाज आईचा नाही. माझा आहे.

ताई


१८ एप्रिल

धाकटे,

पाकीट आलं. निर्मातीबाईंकडून नाही, पोस्टाने. मी दारातच फोडलं. शेजारच्या बाई जिन्यात उभ्या होत्या, त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

आत सहाव्या भागाची यादी. एकवीस नावं. मी विचारायच्या आधीच तू प्रत्येक झ आणि च पुढे लिहून टाकलंयस. झाडातला, झाडातला, चहातला. तुझा ‘ळ’ अजून तसाच आहे, पोट फुगलेला. आणि यादीच्या खाली, वेगळ्या शाईने, एकच ओळ :

“ताई, ते अकरा दिवस तू जेवत काय होतीस?”

मी तीन दिवस या ओळीचं उत्तर लिहितेय. चार वर्षांत हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. त्यामुळे आठवायला वेळ लागला.

बिस्किटं. लिफ्टजवळ एक यंत्र होतं, त्यात पैसे टाकले की कधी बिस्किटं यायची, कधी नुसता आवाज. चहा, दिवसाला सहा-सात. चौथ्या दिवशी पलीकडच्या पलंगावरच्या बाईच्या मुलीने तिच्या डब्यातलं अर्धं मला दिलं. काय होतं ते आठवत नाही, गरम होतं. एकदा केळं. शेवटच्या दिवशी काहीच नाही.

आणि शेवटच्या दिवशी तू जी पिशवी घेऊन आली होतीस, तिच्यात डबा होता. माझ्यासाठी. सहा तासांच्या प्रवासात तू तो मांडीवर घेऊन बसली असशील. गडबडीत तो बाकावर राहिला आणि मी घरी नेला. त्या संध्याकाळी मी ओट्यापाशी उभी राहून तो सगळा खाल्ला. हात धुतले की नाही तेही आठवत नाही. पोटभर खाल्लं, आणि इतकं चांगलं लागलं की लाज वाटली. म्हणून तुला कधी बोलले नाही. तू विचारलंस तेव्हा म्हटलं होतं, डबा हरवला.

हरवला नव्हता. धुऊन वरच्या फळीवर ठेवलाय. झाकण जरा सैल झालंय, बाकी ठीक आहे.

रविवारी घेऊन येऊ का? रिकामा आणणार नाही.

ताई